पिऊन होता असं लिहा, बाई

बोक्याला 'बोका' हे नाव मी दिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या तोंडाला लगाम नाही म्हणून हॉलमधली सगळी टोपणनावं माझ्या नावावर खपवतात. मी इथे नोकरीला आले तेव्हा तो बोकाच होता. काळोखात त्याला दिसतं म्हणून बोका. शिवाय अंगाने आडवा, मिशा भरघोस, चालताना पायाचा आवाज नाही, आणि कुणाचं लक्ष नसताना बिस्किटांचा डबा रिकामा करायची सवय. म्हणजे नाव चहूबाजूंनी बसलं होतं.

तो काम काय करायचा ते सांगते, कारण नाटक बघणाऱ्यांना ते माहीत नसतं, आणि माहीत असू नये अशीच आमची सगळी धडपड असते. प्रवेश संपतो, दिवे जातात, थोडं संगीत वाजतं, आणि बारा-पंधरा सेकंदांनी दिवे येतात तेव्हा दिवाणखान्याचं हॉस्पिटल झालेलं असतं. लोकांना वाटतं, काय जादू आहे. जादू कसली डोंबलाची. त्या बारा सेकंदांत काळे कपडे घातलेला एक माणूस आरामखुर्ची उचलून नेतो, तिच्या जागी स्टूल ठेवतो, स्टुलावर औषधाच्या बाटल्या ठेवतो आणि कुठेही न धडकता विंगेत परत येतो. पलंग ढकलायला आणखी दोघं असतात, पण त्यांचं काम बैलाचं. नाजूक काम बोक्याचं. तीस वर्षं तो हेच करत होता आणि तीस वर्षांत त्याने एक बाटली पाडली नव्हती. सुताराच्या हाताखाली सेट ठोकायला म्हणून आला आणि मग तिथेच राहिला. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "बाई, मला उजेडात बघून कोण हो म्हणणार?"

मी विंगेत बसते. उंच स्टूल, पुढ्यात टेबल, त्यावर नाटकाची प्रत, एक निळा दिवा, आणि टीव्हीसारखा एक डबा. वर एक खास कॅमेरा लावलाय, त्याच्यामुळे त्या डब्यात काळोखातलं स्टेजही राखाडी राखाडी दिसतं. कानाला हेडसेट. दिवे कधी जायचे, कधी यायचे, आवाज कधी, पडदा कधी, हे सगळं मी सांगायचं. मी "तयार" म्हटलं की दिवेवाला बटणावर बोट ठेवतो, आणि मी "जा" म्हटलं की दाबतो. त्यामुळे हेडसेटवर "जा" हा शब्द दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. नीघ म्हणा, सरक म्हणा, हल म्हणा, काय वाटेल ते म्हणा. नवीन होते तेव्हा एकदा दिवेवाल्याशी भांडताना मी "खड्ड्यात जा" म्हणाले होते, आणि बापाच्या मरणाच्या प्रवेशात नाचाचे लाल-हिरवे दिवे लागले होते. तेव्हापासून कानाला खडा. घरीसुद्धा मुलीला शाळेत धाडताना मी "पळ" म्हणायचे. आपल्यात तसंही निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. आमच्या घरात तर तो शब्दच वाळीत पडला होता.

तर त्या नाटकाचं सहावं वर्ष चालू होतं. एका आजारी म्हाताऱ्याच्या तीन मुली आपसात भांडतात, लोक पोट धरून हसतात आणि शेवटी रुमाल काढतात, असं नाटक. ब्लॅकआउट चौदा. लेखकाला प्रवेश संपवायची दुसरी रीत माहीत नव्हती वाटतं. पण बोका खूश असायचा. जितके ब्लॅकआउट जास्त तितका तो फुलायचा. चौदावा संपला की विंगेत येऊन माझ्या टेबलावर बोटाने टकटक करायचा आणि मी न बघता त्याला एक बिस्किट द्यायचे.

एका दुपारच्या प्रयोगाला मी डब्यात बघत होते आणि मला बोक्याचा हात दिसला. तो हात पुढे करून चालत होता. बोटं पसरलेली, हवा चाचपत. खुर्चीला बोटं लागली तेव्हा तो थांबला आणि मग उचलली. मला वाटलं, म्हातारपणी मस्करी सुचतेय. पण मग मी लक्ष ठेवायला लागले. तो प्रयोगाच्या तासभर आधी येऊन रिकाम्या स्टेजवर डोळे मिटून पावलं मोजत हिंडायचा. जमिनीवरच्या खुणांना रेडियमची टेप असते, अंधारात चमकणारी. ती त्याने दुप्पट रुंद लावून ठेवली होती. मागच्या बोळात एकच मिणमिणता दिवा आहे, तिथे तो भिंतीला हात लावून चालायचा. एक दिवस झाडूवालीची पिवळीधमक बादली त्याने लाथेने उडवली आणि वर "कोणत्या गाढवाने ठेवली इथे" म्हणून ओरडला. ती बादली तिथे पंधरा वर्षं असते.

कपड्यांच्या खोलीत त्याला गाठला. "काय रे बोक्या, आंधळी कोशिंबीर खेळतोस काय स्टेजवर?"

तो हसला. मग हसायचा थांबला. "बाई, दार लोटा जरा."

मी दार लोटलं.

"उजेडात मला मुंगी दिसते," तो म्हणाला. "काळोखात माझाच हात मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या आतला पडदा सुकत चाललाय. आधी काळोखातलं जातं, मग कडेकडेचं. मग हळूहळू बाकीचं."

"औषध?"

"औषध असतं तर तुमच्यापर्यंत आलो असतो का?"

मी भडकले. भीती वाटली की मला राग येतो, तो माझा स्वभाव आहे. मी त्याला काय काय बोलले. दोन वर्षं तोंड शिवून बसलास, उद्या कुणाच्या डोक्यात स्टूल घातलंस तर, स्वतः तोंडावर आपटलास तर, अक्कल गहाण टाकलीस काय. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला दुसरं काय येतं, बाई? बाहेरच्या उजेडात मी कुणी नाही. इथे बारा सेकंद मी असतो. तेवढं राहू द्या. कुणाला सांगू नका."

मी म्हणायला हवं होतं की नाही, मी सांगणार. पण त्याचा चेहरा बघून माझ्याच्याने होईना. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला शेफारल्यासारखं झालं होतं. अख्ख्या हॉलमध्ये काळोखात बघणारं आता एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे डब्यासमोर बसलेली मी. मला वाटलं, मी नेईन याला निभावून.

त्या दिवसापासून त्याच्या कानात मी एक छोटा हेडसेट अडकवला आणि ब्लॅकआउट झाला की मी बोलायला लागायचे. दोन पावलं. डावीकडे. वाक. हां, उचल. फीर. चार पावलं. थांब. तो माझ्या आवाजावर चालायचा. दिवेवालाही त्याच तारेवर, त्यालाही सगळं ऐकू जायचं. त्याने एकदाच विचारलं, "हे किती दिवस चालणार?" मी म्हटलं, "तू तुझी बटणं बघ." त्याने बघितली. तो तसा भला माणूस, पण दुसऱ्याच्या भानगडीत नाक न खुपसण्याची कला त्याला उत्तम जमते.

अकरा महिने आम्ही तसं चालवलं. चौदा ब्लॅकआउट, आठवड्याला पाच प्रयोग. बोका पुन्हा फुलला. मला म्हणायचा, "बाई, तुमचा आवाज एवढा गोड आहे हे तुमच्या नवऱ्याला माहीत आहे का?" मी म्हणायचे, "त्याला फक्त मोठा आवाज माहीत आहे." आम्हाला वाटायला लागलं होतं की हे असंच जमून जाईल.

मग तो शनिवार आला, दुपारचा प्रयोग, हॉल भरलेला. नवव्या प्रवेशात म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाला भलताच चेव चढला. रागाने उठताना त्याने आरामखुर्ची मागे ढकलली, ती दोन फूट सरकून तिरकी झाली. तो टाळ्या घेऊन आत आला आणि खुशीत घाम पुसत बसला. इकडे दिवे गेले. नववा ब्लॅकआउट, तेरा सेकंदांचा.

मी बोक्याला खुर्चीपर्यंत नेला. त्याने ती उचलली. पण खुर्ची तिरकी, त्यामुळे तोही तिरका उभा राहिला, आणि मी "डावीकडे" म्हटलं ते त्याचं डावं निराळं निघालं. डब्यात मला दिसलं की तो खुर्ची पोटाशी धरून विंगेकडे नाही, सरळ प्रेक्षकांकडे चाललाय. पुढे स्टेजची कड आणि खाली पाच फूट. "थांब," मी म्हटलं. तो थांबला. कडेपासून दोन पावलांवर थांबला. माझा जीव भांड्यात पडला. दिवेवाला "तयार" वर होता, त्याचं बोट बटणावर. मी म्हटलं, "मागे फीर. अजून. अजून थोडा. हां, आता जा."

दिवे लागले.

दिवेवाल्याची यात काडीची चूक नाही. तो शब्द त्याच्या कानाने नाही, बोटाने ऐकला. वीस वर्षं ज्या शब्दावर मी पहारा दिला तो माझ्याच तोंडून सुटला, आणि सुटला तो सुटकेच्या आनंदात.

भरलेल्या हॉलसमोर, लख्ख उजेडात, काळ्या कपड्यातला बोका आरामखुर्ची पोटाशी धरून उभा. मागे पलंग अर्धा आत अर्धा बाहेर, त्यावर चढणारी नटी एक पाय वर करून तशीच. जो हशा फुटला तो आवरेना. कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या पडल्या. बोक्याला उजेडात सगळं नीट दिसत होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने प्रेक्षक बघितले. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग खुर्ची नीट सावरून, एकेक पाऊल टाकत, अगदी सावकाश विंगेत आला. त्याने खुर्ची खाली ठेवली आणि मला म्हणाला, "पुढचा ब्लॅकआउट कधी आहे?" मी त्याला बसवून ठेवला. उरलेले पाच पलंगवाल्यांनी कसेबसे निभावले.

प्रयोग संपला तेव्हा साडेपाच वाजले होते. हॉलचे मॅनेजर साहेब स्वतः खाली आले. माणूस वाईट नाही, आवाज चढवत नाही. त्यांनी मला एवढंच सांगितलं की साडेसहापर्यंत रिपोर्ट टेबलावर हवा. प्रत्येक प्रयोगाचा रिपोर्ट मीच लिहिते. काय तुटलं, कोण उशिरा आलं, कुठला दिवा गेला. त्यावर माझी सही असते आणि माझ्या सहीवर आजवर कुणी दुसरा प्रश्न विचारलेला नाही.

मी कपड्यांच्या खोलीत कोरा कागद घेऊन बसले. काय लिहू? चूक माझी, मी चुकीच्या वेळी शब्द उच्चारला, असं लिहिलं तर पहिला प्रश्न येणार, तू त्या माणसाशी बोलत काय होतीस? मग डोळ्यांचं बाहेर येणारच. बोका दार लोटून आत आला आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभा राहिला.

"पिऊन होता असं लिहा, बाई."

मी वर बघितलं.

"पलंगवाला दोनदा पिऊन आला. दोन्ही वेळा पंधरा दिवस घरी आणि सोळाव्या दिवशी हजर. पिणाऱ्याला माफ करतात. तो सुधारेल असं वाटतं ना लोकांना. आंधळा कुठून सुधारणार? आंधळ्याला चुचकारतील, पाठीवरून हात फिरवतील आणि घरी पाठवतील."

"अरे, पण तू थेंबाला शिवत नाहीस."

"ते फक्त आपल्याला ठाऊक आहे."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पार्ट्यांमध्ये तो सरबताचा ग्लास घेऊन कोपऱ्यात उभा असायचा आणि पोरं त्याला चिडवायची, बोका दूध पितो म्हणून. त्याला कारण होतं. त्याची मोठी बहीण, ताई, नऊ वर्षांपासून त्याच्याकडे राहत होती. तिचा नवरा पिऊन पिऊन मेला होता. अठरा वर्षं तिने त्याचा मार खाल्ला, त्याच्या ओकाऱ्या पुसल्या. त्यामुळे बोक्याच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा ती आधी हुंगून बघायची.

"ताईला काय सांगशील?"

"तिच्यापर्यंत कशाला जातंय? पंधरा दिवस रजा काढली म्हणेन."

मी लिहिलं. "सदर कामगार मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत आढळून आला व त्यामुळे वेळेत रंगमंचाबाहेर पडू शकला नाही." माझं अक्षर चांगलं आहे. दिवे आधी लागले, ते माझ्या शब्दावर लागले, हे मी लिहिलं नाही. पिऊन होता हे बोक्याने सुचवलं होतं. माझं नाव गाळायचं त्याने सुचवलं नव्हतं. ते मी माझ्या डोक्याने केलं. दिवेवाल्याने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी ऐकलं ते केलं. पुढचं तुम्ही आणि तुमचा देव."

पंधरा दिवसांचं पत्र निघालं. पण पलंगवाल्याच्या वेळचा हॉल राहिला नव्हता. मध्यंतरी विम्याचे नियम बदलले होते. पिऊन कामावर सापडलेल्याने परत येताना डॉक्टरचा दाखला आणायचा, आणि डॉक्टर हॉलने सांगितलेला. हे मला ठाऊक असायला हवं होतं, ते परिपत्रक माझ्याच टेबलाच्या खणात पडलं होतं. बोका गेला. डॉक्टरने रक्त तपासलं आणि म्हणाला की एवढं स्वच्छ लिव्हर मी महिन्यात बघितलं नाही. मग नियमाप्रमाणे बाकीचं तपासलं. कान, छाती, गुडघे. डोळे तपासायला त्याने खोलीतला दिवा मालवला.

दाखल्यावर लिहून आलं, काळोखात वा उंचीवर काम करण्यास कायमचा अपात्र.

मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. दाखला आणि माझा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते. ते म्हणाले, "वाईट वाटतं हो. नुसते डोळे असते तर मी त्याला तिकीट खिडकीवर बसवला असता. सकाळी नऊ ते चार, भरपूर उजेड, जागा रिकामीच आहे. तीस वर्षं इथे राबलेला माणूस आहे, हॉलच्या कमिटीने हसत सही केली असती. पण हा पिण्याचा शेरा. खिडकीवर पिणारा माणूस कसा बसवू? कमिटी माझ्या डोक्यावर मिरे वाटेल." मग चष्मा काढून म्हणाले, "तुमची खात्री होती ना, बाई? वास-बीस येत होता?"

ते दार उघडं होतं. मला आत पाऊल टाकायचं होतं फक्त. साहेब, तो प्यायला नव्हता, रिपोर्ट खोटा आहे, चूक माझी. खोटा रिपोर्ट म्हणजे मी त्याच संध्याकाळी घरी, हे मला माहीत होतं. माझं घर माझ्यावर चालतं, मुलगी शिकतेय, नवऱ्याचं धरसोडीचं काम, हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी मला त्यातलं काहीच आठवलं नाही. मला माझं स्टूल आठवलं. निळा दिवा, कानातला हेडसेट, सगळा हॉल माझ्या एका शब्दासाठी श्वास धरून बसलेला. ते सोडून मी काय करणार होते?

"होती खात्री," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही कागद फायलीत घातले.

मी बोक्याला खिडकीचं सांगितलं नाही. नोकरी गेली, डोळ्यांमुळे गेली, एवढंच त्याला कळलं, आणि ते तो जवळजवळ तीन वर्षं गृहीत धरूनच होता.

दहा-बारा दिवसांनी ताईंचा मला निरोप आला, येऊन जा म्हणून. सकाळी दहाच्या सुमारास गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीतून उन्हाची तिरीप. बोका आतल्या खोलीत खिडकीपाशी जमिनीवर बसून स्क्रू आणि खिळे वेगळे करत होता. बाहेरच्या खोलीत पलंगावर एक उघडी सूटकेस, त्यात ताईंचे कपडे घड्या करून ठेवलेले. ताई ठेंगण्या, काटक, कपाळावर सतत आठी. माझ्या हातात चहाचा कप दिला आणि समोर बसल्या.

"डोळ्यांचं कळलं मला," त्या म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. माझे दोन हात आहेत. जिना उतरवीन, ताटात काय आहे ते सांगेन, होईल सगळं. पण हे सापडलं." त्यांनी पदराआडून पंधरा दिवसांचं ते पत्र काढलं. "मला सांगितलं, रजा काढली. आता म्हणतो, एकदाच झालं होतं. आमचे हेही म्हणायचे, एकदाच झालं. मी अठरा वर्षं काढली, बाई. आता पासष्टीला पुन्हा नाही काढणार. आंधळा सांभाळीन, पिणारा नाही सांभाळणार. लेकीला फोन केलाय, रविवारी तिच्याकडे निघाले." मग पुढे वाकल्या. "पण हा माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय. माझा विश्वास बसत नाही. तुम्ही तिथे होतात. तुमच्या सहीवरून हे निघालंय म्हणे. मला खरं काय ते सांगा. हा प्यायला होता का? नाही म्हणा, मी आत्ता कपडे परत कपाटात ठेवते, आणि जाऊन त्या ऑफिसात बसते, बघते कोण हे मागे घेत नाही ते."

ते त्यांनी केलंच असतं. पाच मिनिटांत चपला घालून मॅनेजर साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या असत्या.

आतला खिळ्यांचा आवाज बंद झाला होता.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कारण आतून बोक्याचा आवाज आला, शांत, थोडा वैतागलेला.

"प्यायलो होतो, ताई. बाईंना कशाला मधे घालतेस? चांगला पोटभर प्यायलो होतो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी कपातल्या चहाकडे बघितलं. मग त्यांनी पत्राची घडी करून पलंगावर ठेवली, आणि सूटकेसला बांधायला दोरी आणते म्हणून खाली निघून गेल्या.

बोका उठून बाहेर आला. उन्हात त्याला सगळं दिसत होतं, माझा चेहराही. मी म्हटलं, "बोक्या, मी सांगायला हवं होतं रे."

"सांगून काय झालं असतं?" तो म्हणाला. "माझी तर गेलीच होती. तुमचीही गेली असती. दोघांनी घरी बसून काय दिवे लावले असते?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला, मिशा हलवत, नेहमीसारखा.

मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी हायसं वाटलं, आणि ते माझ्या जिवाला अजून खातं. एक वाक्य होतं माझ्याकडे. तिकीट खिडकी रिकामी आहे, सकाळी नऊ ते चार, तुझ्यासाठी ठेवली असती. ताई अजून जिन्यात होत्या, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता.

"खरं आहे तुझं," मी म्हटलं, आणि चपला घातल्या. तो मला सोडायला दारापर्यंत आला. जिन्यात काळोख होता, त्यामुळे उंबऱ्याच्या पुढे त्याला येता आलं नाही.